दाढेचा ठणका, सुजलेला गाल आणि जबड्यातील पू



पायात बाभळीचा काटा मोडला तर आपण तो त्याच दिवशी सुईने काढतो. काटा आत राहिला तर पाय पिकणार, हे शेतातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. परंतु दाढ किडली, ठणकू लागली, गाल सुजला, तर तोच शहाणा शेतकरी म्हणतो, ''तुरीची रास होऊ द्या, मग बघू.'' तोपर्यंत लवंग, तंबाखूची चिमूट आणि दुकानातली गोळी यांवर दिवस काढले जातात. पुष्कळ वेळा निभावूनही जाते. पण काही वेळा हाच दाढेचा पू गळ्यात उतरतो आणि धडधाकट माणूस तीन-चार दिवसांत दगावतो. म्हणून या पाठात तोंड, जबडा व चेहरा यांमधील जंतुदोष कसा होतो, कसा पसरतो आणि त्यावर उपाय कोणता, हे क्रमाने पाहू.

१. जंतू आत कसे शिरतात?

आपल्या तोंडात निरोगी असतानाही असंख्य जंतू राहतात. ते सारेच वाईट नव्हेत. गूळ, साखर, बिस्किटे, चिकट गोड खाऊ यांचे कण दातांत अडकले की काही जंतू त्यापासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताचे वरचे कठीण कवच झिजवते. प्रथम खडूसारखा पांढरा डाग, मग काळा खड्डा, मग थंड-गरम लागले की कळ, अशी किडीची वाटचाल असते. ''दातात किडा असतो'' असे आपण म्हणतो, पण तिथे किडा नसतो. कानात धुरी देऊन दातातला किडा पाडून दाखवणारे लोक हातचलाखी करतात.

दाताच्या मधोमध एक नाजूक गर असतो. त्यात रक्तवाहिन्या व नस असते. खड्डा गरापर्यंत पोहोचला की रात्रीचा ठणका सुरू होतो. पुढे गर मरतो आणि ठणका आपोआप थांबतो. येथेच माणूस फसतो. ''बरे झाले'' असे त्याला वाटते. वास्तविक मेलेला गर आत कुजत असतो, आणि मुळाच्या टोकाशी, जबड्याच्या हाडात, पू साठू लागतो.

जंतूंची दुसरी वाट हिरडीतून असते. दात नीट न घासल्याने मुळाशी कीटण साचते, हिरडी लाल होते, रक्त येते, दात हलू लागतात. मशेरी लावणे, तंबाखू दाढेत धरणे, गुटखा खाणे यांनी हिरडीचा नाश अधिक वेगाने होतो. तिसरी वाट म्हणजे इजा: बैलाचे शिंग लागणे, गाडीवरून पडून जबडा मोडणे, तोंडात काडी किंवा कूस रुतणे.

२. पू कोणती वाट धरतो?

शेतात पाणी साचले की ते बांधाची कच्ची जागा शोधते आणि उताराकडे धावते. पुवाचेही तसेच आहे. हाडाची जी बाजू पातळ, तिकडून तो बाहेर पडतो.

वरच्या दाढेचा पू बहुधा गालात येतो, कधी टाळूवर गाठ करतो. वरच्या दाढांची मुळे नाकाशेजारच्या हाडातील पोकळीला अगदी खेटून असतात, म्हणून तो पू त्या पोकळीतही शिरतो. मग एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो, आणि वर्षानुवर्षे सर्दीचे औषध घेऊनही गुण येत नाही.

काहींच्या गालावर किंवा हनुवटीखाली लहानसे छिद्र पडते. त्यातून अधूनमधून पू येतो, खपली धरते, पुन्हा फुटते. माणूस मलमे लावून थकतो. अशा वेळी दोष कातडीचा नसून आतल्या दाताचा असू शकतो. तो दात काढला किंवा दुरुस्त केला की छिद्र आपोआप मिटते.

सर्वांत धोक्याची वाट खालच्या शेवटच्या दाढांची. जिभेखाली स्नायूंचा एक पडदा असतो. या दाढांच्या मुळांची टोके त्या पडद्याच्याही खाली पोहोचलेली असतात. त्यामुळे तेथील पू तोंडात न येता जबड्याखाली आणि गळ्यात उतरतो. दोन्ही बाजूंचा गळा लाकडासारखा कडक सुजतो, जीभ वर उचलली जाते, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो आणि श्वासाची नळी दाबली जाते. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये या रोगाचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर त्याला लुडविगचा रोग म्हणतात. जंतुनाशक औषधे निघण्यापूर्वी या रोगाचे अर्ध्याहून अधिक रोगी दगावत. आज वेळेवर रुग्णालय गाठणारे बहुतेक वाचतात. मृत्यू येतो तो बहुधा श्वास कोंडल्यामुळे, आणि तो काही तासांत येऊ शकतो. म्हणून अशा रोग्याच्या बाबतीत ''सकाळी नेऊ'' असे कधीही म्हणू नये.

३. तोंड उघडेना, याची तीन कारणे

तोंड उघडत नसेल तर एकच औषध सर्वांना चालत नाही. कारण ओळखावे.

(अ) अक्कलदाढ. साधारण सतरा ते पंचवीस वर्षांच्या वयात ही दाढ येते. जागा अपुरी असली की ती अर्धवट बाहेर येते, तिच्यावरील हिरडीच्या पदराखाली अन्न अडकते, पू होतो आणि जबडा आखडतो. सूज उतरल्यावर दाढेचा कायमचा निकाल लावावा. नाहीतर दुखणे पुन्हा उलटते.

(ब) गुटखा व सुपारी. यांच्या सवयीने गालाची आतली कातडी पांढरट, ताठ, दोरीसारखी होते. तिखट सोसत नाही आणि महिन्यामहिन्याने तोंड कमी उघडते. येथे ताप व पू नसतो. हा जंतुदोष नव्हे, पण यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. सवय त्याच दिवशी सोडून डॉक्टरांना तोंड दाखवावे.

(क) धनुर्वात. विळा, कुऱ्हाड, खिळा किंवा काट्याची जखम झाल्यावर काही दिवसांनी जबडा घट्ट बसू लागला, मान ताठली, गिळणे कठीण झाले, तर ही धनुर्वाताची सुरुवात समजावी आणि तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. शेण-मातीत वावरणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी.

४. चेहऱ्यावरील फोड

नाकाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत एक त्रिकोण कल्पावा. या भागातील रक्तशिरा डोळ्यामागच्या शिरांना आणि पुढे मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांना मिळतात. म्हणून या त्रिकोणातील फोड नखाने फोडू नये, दाबून पू काढू नये, नाकातील केस उपटू नयेत. फोडानंतर डोळा सुजला, पापणी पडली, डोळा हलवताना दुखू लागले, ताप व जोराची डोकेदुखी आली, तर तो मेंदूकडे जाणारा जंतुदोष असू शकतो. तेथे विलंब चालत नाही.

५. २०२१ सालचा धडा

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, आपण सर्वांनी 'काळी बुरशी' हे नाव ऐकले. त्या वर्षी मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना या रोगाच्या प्रत्येक रोग्याची नोंद करण्यास सांगितले. देशात चाळीस हजारांहून अधिक रोगी नोंदले गेले. महाराष्ट्रात त्यांची संख्या फार मोठी होती, आणि आपल्या कर्नाटकातही पुष्कळ रोगी होते. कित्येकांचा वरचा जबडा, काहींचा डोळाही काढावा लागला.

ही बुरशी कोठून आली? ती माती, कुजका पालापाचोळा, शेणखत यांत नेहमीच असते. तिचे सूक्ष्म कण आपण शेतकरी रोज श्वासात घेतो आणि निरोगी शरीर त्यांचा नाश करते. पण ज्यांची रक्तातील साखर फार वाढलेली असते, किंवा ज्यांना स्टिरॉइडचे औषध जास्त दिवस दिलेले असते, त्यांच्या नाकात ती रुजते आणि रक्तवाहिन्यांत शिरते. रक्तपुरवठा बंद पडून मांस व हाड मरते. बुरशी स्वतः काळी नसते, मेलेला भाग काळा पडतो. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

करोनाची लाट ओसरली तरी मधुमेह आपल्या घरांत आहेच. मधुमेही माणसाच्या चेहऱ्याची एकच बाजू दुखू लागली किंवा बधिर झाली, नाकातून काळपट स्राव आला, वरचे दात एकाएकी हलू लागले, टाळू काळी पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. साखर ताब्यात आणणे, बुरशीवरील अँफोटेरिसिन हे औषध शिरेतून देणे आणि मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे, असे तिन्ही उपाय एकदम करावे लागतात.

६. मुलांकडे विशेष लक्ष

मुलाला गोड दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नये. त्याने पुढचे दुधाचे दात काळे पडून तुटतात. ''दुधाचेच दात आहेत, पडणारच'' हे म्हणणे बरोबर नाही. त्यांच्या मुळाशीही पू होतो आणि मुलाचा गाल व डोळा सुजतो.

कानाच्या पाळीखाली सूज, ताप, चावताना दुखणे, आणि घरात किंवा शाळेत आणखी मुलांना तसेच, तर ते बहुधा गालगुंड असते. तो विषाणूचा रोग आहे. त्याला जंतुनाशक गोळ्या लागू पडत नाहीत. विश्रांती, पातळ अन्न व डॉक्टरांची देखरेख पुरते.

तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले, पुसूनही नीट निघाले नाहीत, तर ती तोंडातली बुरशी असते. साध्या थेंबांच्या औषधाने ती जाते. कवळी रात्रीही न काढणाऱ्या वृद्धांना आणि मधुमेही लोकांनाही ती होते.

अत्यंत कुपोषित मुलांना, विशेषतः गोवरानंतर, हिरडीपासून सुरू होऊन गालच कुजवणारा नोमा नावाचा रोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याचा समावेश केला. पोषक आहार, तोंडाची स्वच्छता आणि गोवराची लस यांनी तो टाळता येतो.

७. गोठ्यातील जबडा

जनावरांच्या तोंडाचेही दोष आपण ओळखले पाहिजेत. बरड धाटे, काटेरी चारा किंवा कुसळे यांनी तोंडात जखम झाली की तोंडातलाच एक जंतू जबड्याच्या हाडात शिरतो. जबड्यावर न हलणारी, दगडासारखी कठीण गाठ येते, ती हळूहळू वाढते, फुटते, आणि पुवात गंधकासारखे पिवळे कण दिसतात. दुसऱ्या एका जंतूने जीभ लाकडासारखी ताठ होते, लाळ गळते आणि जनावराला चारा घेता येत नाही. २०२२ साली आपल्या भागात पसरलेल्या 'लंपी' रोगाशी याचा संबंध नाही. ती कातडीवरील गाठींची, विषाणूची साथ होती.

गाठीवर डाग देणे, चुना लावणे व्यर्थ आहे. पशुवैद्य आयोडीनयुक्त औषध शिरेतून देतात, जोडीला जंतुनाशक देतात. जनावर गाभण असल्यास ते आधीच सांगावे. आरंभी उपचार केला तर चांगला गुण येतो. हाड फार पोखरले गेल्यावर रोग फक्त थांबवता येतो. बिदरला २००४ पासून पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. गावच्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने तेथील मदत घ्यावी. तोंडात व खुरांत फोड येऊन लाळ गळत असेल, तर तो लाळ्या-खुरकूत समजून जनावर वेगळे बांधावे. त्याची लस सरकार देते, ती चुकवू नये.

माणसाच्या जबड्यालाही अशीच कठीण गाठ येऊन पिवळे कण असलेला पू येऊ शकतो. पण तो जंतू आपल्याच तोंडात राहणारा असतो. किडका दात किंवा जखम यांतून तो आत जातो. जनावरापासून तो लागत नाही.

८. डॉक्टर काय करतात आणि का?

नियम एकच: पुवाला वाट द्यावी आणि कारण दूर करावे. मेलेल्या गरात रक्त पोहोचत नाही, म्हणून गोळीतले औषधही तेथे पोहोचत नाही. नुसत्या गोळ्यांनी सूज उतरते, पण काटा आतच राहतो. यासाठी डॉक्टर पू बाहेर काढतात, आणि दात वाचण्यासारखा असेल तर आतून स्वच्छ करून भरतात, यालाच रूट कॅनल म्हणतात. नसेल तर दात काढतात.

ताप असेल किंवा सूज पसरत असेल तर अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल यांसारखी जंतुनाशके दिली जातात. ती सांगितले तितके दिवस घ्यावीत. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घेऊ नये. पूर्वी पेनिसिलिनने अंगावर गांधी उठल्या असतील, मधुमेह असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, रक्त पातळ करणारे किंवा हाडे ठिसूळ होण्यावरचे औषध चालू असेल, स्त्री गरोदर असेल, तर दात काढण्यापूर्वीच तसे सांगावे.

९. काही गैरसमज

''वरचा दात काढला की डोळा जातो.'' हे खरे नाही. दातांची नस व दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत. उलट सडका दात तसाच ठेवल्यानेच डोळ्याला धोका असतो.

''सूज असताना दात काढायचाच नाही.'' हा निर्णय डॉक्टरांचा आहे. पुष्कळदा औषध देऊन त्याच वेळी दात काढणेच हिताचे असते.

''बाहेरून शेकले की गळू पिकून फुटते.'' गालावर गरम वीट किंवा पोटीस ठेवू नये. पू कातडीकडे ओढला जाऊन चेहऱ्यावर कायमचा व्रण राहू शकतो.

''गोळी दाढेत धरली की लवकर गुण येतो.'' ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवल्यास हिरडी भाजते. लवंगेच्या तेलाने घटकाभर आराम मिळतो, रोग जात नाही, आणि ते जास्त लावले तर तेही भाजते.

''एका सुईने सूज उतरते.'' अशा सुईत वा पुडीत पुष्कळदा स्टिरॉइड असते. सूज दबते, जंतू मोकळे सुटतात, आणि मधुमेह्याची साखर भडकते.

१०. घरी काय करावे?

कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरावी. दुखण्यावर पॅरासिटामॉल, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच घ्यावे. भरपूर पाणी प्यावे, झोपताना डोके उंच ठेवावे. हे सर्व दवाखान्यात पोहोचेपर्यंतचे उपाय आहेत.

रोज दोन वेळा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने व फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासावेत. राख, विटेची पूड, मशेरी वर्ज्य करावी. कडुलिंबाची काडी वापरायची तर ती नीट चावून मऊ करावी, हिरडी खरवडू नये. तोंडातील कोणताही व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर तो डॉक्टरांना दाखवावा.

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी:
— श्वास घेणे किंवा लाळ गिळणे कठीण
— जिभेखाली किंवा दोन्ही जबड्यांखाली कडक सूज
— तोंड दोन बोटांइतकेही न उघडणे
— डोळा मिटण्याइतकी सूज, किंवा एकाची दोन दृश्ये दिसणे
— थंडी वाजून ताप, ग्लानी, बडबड

साध्या दुखण्यासाठी प्रथम जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा औरादचे तालुका रुग्णालय गाठावे. बिदरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तसेच दंत महाविद्यालयही आहे. कलबुर्गी आणि लातूर येथेही दंत महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांत खाजगी दवाखान्यापेक्षा बहुधा कमी खर्चात काम होते. जाताना रेशनकार्ड व आधार कार्ड जवळ ठेवावे.

११. श्रद्धा आणि उपचार

३ फेब्रुवारीला संत ब्लेज यांच्या सणाला आपण दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून कंठाच्या आरोग्यासाठी आशीर्वाद घेतो. ९ फेब्रुवारीला संत अपोलोनिया हिची स्मृती असते. इसवी सन २४९ च्या सुमारास अलेक्झांड्रियात ख्रिस्ताच्या नावासाठी तिचे दात पाडले गेले, म्हणून दातदुखीचे रोगी तिची मध्यस्थी मागतात. ही प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थना केली म्हणून दवाखाना टाळावा, असे ख्रिस्तसभा शिकवत नाही. सिराखच्या ग्रंथातील अडतिसाव्या अध्यायात प्रार्थना आणि वैद्य या दोहोंना मान दिला आहे. दयाळू शोमरोनी माणसानेही जखमी वाटसरूला नुसता धीर दिला नाही. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उताऱ्याच्या जागी नेले आणि खर्चही भरला. रास पडलेली असताना शेजाऱ्याचा गाल सुजला, तर त्याची रास आपण राखावी आणि त्याला औरादच्या मोटारीत बसवून द्यावे. शेजारधर्म तो हाच.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. ठणका आपोआप थांबला म्हणजे दात बरा झाला, असे का म्हणता येत नाही?
२. खालच्या शेवटच्या दाढेचा पू अधिक धोक्याचा का?
३. तोंड न उघडण्याची तीन कारणे कोणती? ती वेगळी कशी ओळखाल?
४. आपल्या घरात मधुमेह कोणाला आहे? त्यांची साखर व त्यांचे दात शेवटचे कधी तपासले?
५. घरातील प्रत्येकाची धनुर्वाताची लस झाली आहे काय?